डाव्या बाजूचा आवाज

१७ ऑक्टोबर

कॉम्प्युटर आज पुन्हा आपोआप बंद पडला. पुत्तूरच्या दुकानात फोन केला तर दुकानदार म्हणतो, "होळ्ळ सर, कधी बंद पडतो, त्याआधी तुम्ही काय करत होता, सगळं लिहून ठेवा. लक्षणं कळल्याशिवाय औषध कसं देऊ?" म्हणून ही वही. नाहीतर डायरी लिहिणाऱ्यांतला मी नव्हे.

लक्षणं अशी: आधी पंखा घरघरतो, मग पडदा निळा होतो, त्यावर इंग्रजीत काहीतरी दमदाटी येते आणि सगळं काळं. जरा वेळाने पुन्हा शहाण्यासारखा सुरू.

कारण काही केल्या कळत नाही. आयुधपूजेला यंदा मी कुठेही कसूर ठेवली नव्हती. पाण्याचा पंप, कोयते, फवारणीचं यंत्र, बायकोचा म्हणजे सुगुणाचा मिक्सर, माझी मोटारसायकल, सगळ्यांना गंध-कुंकू आणि झेंडूची माळ. कॉम्प्युटरला सर्वांत मोठा मान. डब्याच्या माथ्यावर जाळी आहे, तिच्यावर केळीचं पान अंथरलं आणि वर गूळपोह्यांचा भरगच्च नैवेद्य. पूजेतल्या हत्याराला दुसऱ्या दिवसापर्यंत हात लावायचा नसतो, म्हणून नैवेद्यही तसाच राहू दिला. एवढं करून हा माझ्यावरच रुसतो, याला काय म्हणावं?

सोसायटीचे कागद त्यात आहेत, पण त्यांची दुसरी प्रत ऑफिसात असते; शेवटी सेक्रेटरी मी आहे. जीव अडकलाय तो अप्पय्यांच्या आवाजात. गेल्या वर्षी मंगळूरला वडिलांच्या घशाचं ऑपरेशन झालं आणि आवाज गेला तो गेला. ज्यांनी ताळमद्दळेच्या बैठकीत नुसत्या बोलण्यावर रात्र रात्र वाली, कर्ण, भीष्म उभे केले, ते आता मांडीवर पाटी घेऊन बसतात आणि खडूने दोन शब्द लिहितात. त्यातला एक बहुधा मला टोमणा असतो. त्यांचा आवाज आता जगात एकाच जागी उरलाय, या डब्यात. वालीवधाची अख्खी रात्र आहे. मी कॉलेजात असताना दुबईच्या मामाने टेपरेकॉर्डर आणला होता, त्यावर दोन माइक लावून मीच घेतलेली. डावा माइक वाली झालेल्या अप्पय्यांसमोर, उजवा राम झालेल्या मोनप्प आळ्वांसमोर.

कॅसेटींना बुरशी धरायला लागली म्हणून उन्हाळ्यात मी सगळं कॉम्प्युटरवर उतरवून घेतलं. डाव्या-उजव्या बाजूंच्या दोन वेगळ्या फाइली केल्या, खोकले काढले, लोकांचा गोंगाट काढला. एका ठिकाणी आळ्वांच्या कसल्याशा वाक्यावर माणसं इतकी हसली होती की नुसता खरखराट. तो पुसून तिथे कोरी शांतता भरली. मग त्या कॅसेटी ठेवून काय करायचं? फिती ओढून काढल्या आणि पाखरं येऊ नयेत म्हणून भातावर ताणून बांधल्या. वाऱ्यावर छान गुणगुणतात. यंदा पोपटांनी लोंबीला तोंड लावलं नाही.

१९ ऑक्टोबर

कॉफीच्या वेळी वालीवध लावला. बाण लागून पडलेला वाली विचारतो, "झाडामागून मारणारा तू कोण?" आणि उजव्या बाजूने आळ्वांचा ढोलासारखा आवाज आला, तसे अप्पय्या उठले आणि अंगणात सुपारी वाळत घातली आहे तिथे उन्हात जाऊन उभे राहिले. हे रोजचंच आहे. स्वतःचं काम स्वतःला ऐकवत नाही, मोठ्या कलावंतांचं असंच असतं. ते उठले आणि पाठोपाठ कॉम्प्युटरही बसला.

त्या रात्रीनंतर आळ्व कधी आमच्या घरी आले नाहीत, की अप्पय्या त्यांच्यासमोर कधी बैठकीला बसले नाहीत. त्याआधी दोघांची जोडी म्हणजे लोक चार-चार कोस चालत ऐकायला येत. काय बिनसलं कोणास ठाऊक. शेवटच्या कॅसेटला रेकॉर्डरपाशी माझा डोळा लागला होता. पुढे एकदा विचारलं, तेव्हा आवाज असूनही अप्पय्या बोलले नाहीत.

एक गोष्ट मात्र मला खटकते. वाली मरताना आपल्या मुलाचा, अंगदाचा, हात रामाच्या हातात देतो. डोळ्यांना पदर लावायला बायका त्याचीच तर वाट बघत बसतात. आमच्या कॅसेटमध्ये तो भागच नाही. उजाडायला आलं असेल, घाईत राहून गेला.

सुगुणा म्हणाली, "अहो, त्या खोलीत मुंग्यांची रांग लागलीय."

"मुंग्या कुठे नसतात? इथे मला विजेच्या दाबाची काळजी पडलीय!"

२२ ऑक्टोबर

केलेले उपाय: विजेचा दाब सांभाळणारी पेटी आणून बसवली. व्हायरस मारायचं औषध दोनदा फिरवलं. टेबलाचं तोंड पूर्वेला केलं. सुगुणाला त्या खोलीत झाडू मारायची बंदी केली, कारण वायर हलते असा मला संशय आहे. तरी आज तीनदा बंद. नाकी नऊ आले.

आता मागे पाहायचं नाही. उद्या अप्पय्यांचं सगळं एका सुरक्षित जागी हलवतो.

२४ ऑक्टोबर

गेलं. सगळं गेलं.

डिस्कच्या दुसऱ्या कप्प्यात फाइली हलवत होतो. नक्कल करायला हवी होती. पण एकच गोष्ट दोन ठिकाणी ठेवणं मला अजागळपणा वाटतो, म्हणून मी त्या इथून उचलून तिथे ठेवायला सांगितल्या. अर्ध्या वाटेत पंखा घरघरला. पुन्हा चालू केलं तर इथेही नाही आणि तिथेही नाही. असं कसं होईल? वस्तू उचलली तर ती हातात तरी असायला हवी ना? मी टेबलाखालीसुद्धा वाकून पाहिलं. कशासाठी वाकलो ते आता कळत नाही.

२५ ऑक्टोबर

अप्पय्यांना सांगायचं नव्हतं. पण काल कॉफीच्या वेळी आवाज लागला नाही आणि मी जेवलो नाही, त्यावरून त्यांनी ओळखलं. पाटी पुढे केली. तिच्यावर लिहिलं होतं, "फळा पुसला?"

मी मान हलवली. चाळीस वर्षं मास्तरकी केलेला माणूस, त्यांनी हाताने ते पुसलं आणि खाली लिहिलं, "बरं झालं."

मला फार लागलं. ज्याचा आवाज त्यालाच किंमत नाही. मी रागारागाने शेताकडे गेलो. तिथे वारा सुटला होता आणि सगळ्या फिती गुणगुणत होत्या. त्यातली एखादी काढून रेकॉर्डरला लावता येईल का पाहिलं. अख्ख्या पावसाळ्याने धुतलेली, उन्हाने विटलेली, हातात घेतली तर तुकडे पडले. मी बांधावरच बसून राहिलो. सुगुणा बोलवायला आली. मी विचारलं, "या फिती बांधल्या तेव्हा तू का नाही अडवलंस?"

"अडवलं होतं. तुम्ही म्हणालात, बायकांना तंत्रातलं कळत नाही."

असं मी म्हटलेलं मला आठवत नाही. म्हटलं असेन.

२८ ऑक्टोबर

पुत्तूरच्या दुकानदाराने ही वही वाचली, 'पूर्वेला तोंड' पाशी हसला आणि म्हणाला, "हे माझ्या हातातलं राहिलं नाही. मंगळूरला प्रेसिल्ला डिसोझा म्हणून बाई आहेत, मेलेल्या डिस्कमधून फाइली काढतात. पण डबा उघडू नका, चालू करू नका, जसा आहे तसा न्या."

३० ऑक्टोबर

बसमध्ये डबा मांडीवर घेऊन बसलो. मंगळुरात हंपनकट्ट्याला उतरेपर्यंत शर्टाच्या बाहीत मुंग्या शिरल्या होत्या. बस घाणेरडी, दुसरं काय.

प्रेसिल्लाबाई पन्नाशीच्या, केस आखूड, नाकावर चष्मा. मी सुरुवातीपासून सगळं सांगायला लागलो, पण त्यांनी स्क्रू काढायला सुरुवात केली होती. झाकण निघालं आणि त्या नुसत्या बघत राहिल्या.

"होळ्ळ सर, याला जेवायला कोण घालतं?"

मी वाकून पाहिलं. आत, सगळ्या तारांवर, पोहे. गुळात भिजलेले, काळे पडलेले पोहे. पंख्याच्या पात्यांना कुंकू आणि लाल मुंग्यांचं अख्खं गाव. पांढरी अंडी घेऊन पळापळ चाललेली.

"आयुधपूजा," मी म्हटलं. "पण पान ठेवलं होतं खाली."

"पान फाटलं असेल. जाळीवर ठेवलंत ना? आमच्याकडे ऑक्टोबर-नोव्हेंबरात असे येतात. एकाने तर नारळ फोडून पाणी शिंपडलं होतं. निदान तुम्ही सुका नैवेद्य दाखवलात." बाईंनी कुंचल्याने मुंग्या झटकल्या. "यंत्राला देव माना, सर. पण देवळातल्या देवाला तरी तोंड उघडून भरवता का?"

पंधरा दिवस मी वीज, व्हायरस, बायको आणि पूर्व दिशा यांना दोष दिला. आजार रेड्याला आणि औषध पखालीला. पण मी चुकलो कुठे, ते अजून पटत नाही. पूजा करायची नव्हती का? केली नसती आणि बंद पडला असता, तर पूजा केली नाही म्हणूनच पडला असं मीच म्हटलं असतं.

"काय होतं यात?" बाईंनी विचारलं.

मी सांगू लागलो. म्हटलं, तुम्हाला कसं समजावू, ताळमद्दळेत पाठांतर नसतं. गाणाऱ्या भागवतांनी पद म्हणायचं आणि समोरासमोर बसलेल्या दोघांनी त्यावर आपल्या शब्दांत वाद घालायचा. आज बोलले ते उद्या बोलत नाहीत. एकदा गेलं की—

"होळ्ळ मास्तरांचा वाली?" बाई मधेच म्हणाल्या. "माझे पप्पा बजपेहून सायकल हाणत जायचे ऐकायला. मम्मी म्हणायची, रविवारी चर्चात मिस्साला उठवत नाही आणि रात्रभर वाली बरा ऐकवतो!" मग त्या गंभीर झाल्या. "वचन देत नाही. डिस्कवर ओरखडे आहेत. निघेल तेवढं काढते."

४ नोव्हेंबर

दीपावली झाली. मंगळूरहून काही निरोप नाही. सुगुणा म्हणाली, "आळ्वांकडे एखादी कॅसेट असेल. त्यांनाही विचारून बघा की." म्हणजे चोवीस वर्षांत ज्या घराची पायरी चढलो नाही तिथे जायचं. पण गरजवंताला अक्कल नसते. गेलो.

आळ्वमामा ओटीवर काळी मिरी निवडत बसले होते. ऐंशी उलटली आहे, पाठ वाकली आहे, आवाज मात्र तोच. अंगणात पाऊल टाकलं तेवढ्यात गरजले, "कोण तो? नाव सांग!"

"चंद्रहास. होळ्ळ मास्तरांचा."

मिरीचं सूप त्यांच्या हातातून कललं. दाणे घरंगळले. मी गोळा करायला वाकलो तर म्हणाले, "राहू दे, राहू दे. बस."

पाणी आणि गुळाचा खडा आला. गूळ पाहून मला कसंतरीच झालं. मी सगळी हकिगत सांगितली. पोह्यांपाशी ते हसले नाहीत.

"माझ्याकडे कॅसेट नाही. त्या रात्रीची मी घेतली नाही." मग विचारलं, "मास्तरांचा आवाज खरंच गेला?"

"हो. पाटीवर लिहितात."

"माझ्याबद्दल काही लिहितात?"

"नाही."

"हं. म्हणजे विसरले नाहीत." ते मिरी चाळवत राहिले. "तू काय करतोस हल्ली?"

"सोसायटीचा सेक्रेटरी आहे."

"म्हणजे बी.कॉम. झालास शेवटी."

"दुसऱ्या खेपेला, मामा. पहिल्यांदा दोन विषय राहिले होते."

"ठाऊक आहे. सगळ्या गावाला ठाऊक होतं." त्यांनी तोंड फिरवलं. "मग पास झाल्याचं मास्तरांनी मला का नाही कळवलं?"

आता बी.कॉम.चा निकाल कोणी दारोदार कळवतं का? म्हातारपणी माणसाचं मन कुठून कुठे जातं! निघताना ते फाटकापर्यंत काठी टेकत आले आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून उभे राहिले. जिथे चार तास न थांबता बोलणारा माणूस गप्प बसतो, तिथे आपण काय करायचं? मी नमस्कार करून आलो.

घरी आल्यावर अप्पय्यांनी पाटीवर विचारलं, "कुठे होतास?" मी म्हटलं, पुत्तूरला. त्यांनी माझ्या शर्टाच्या खिशाकडे बोट दाखवलं. मामांनी निघताना दिलेली मिरीची पुडी त्यातून डोकावत होती. त्यांनी ती मागून घेतली, उघडून वास घेतला आणि उशीखाली ठेवली. घरच्या मिरीची पोती माळ्यावर पडली आहेत, आणि हे!

९ नोव्हेंबर

प्रेसिल्लाबाईंचा फोन. धावत मंगळूर गाठलं.

"निघालं," त्या म्हणाल्या, "पण अर्धं." डाव्या बाजूची फाइल जवळजवळ पूर्ण आली आहे. उजव्या बाजूची जिथे होती, नेमका तिथेच ओरखडा. अप्पय्या आहेत, आळ्व नाहीत.

त्यांनी लावून दाखवलं. वाली विचारतो, "मी तुझं काय बिघडवलं होतं?" मग शांतता. लांबलचक शांतता. मग वाली हसतो आणि म्हणतो, "हे उत्तर झालं? हे तर सुग्रीवाने पढवलेलं!" पुन्हा शांतता. खोकले, गोंगाट, लोकांची दाद, सगळं मीच पुसलेलं. एक माणूस रिकाम्या खोलीत कोणाशी तरी जीव तोडून भांडतोय, असं ऐकू येतं.

"मी सगळं ऐकलं काल," बाई म्हणाल्या. "काम करता करता लावलं होतं, मग काम राहिलंच. सर, तुम्ही इतकं स्वच्छ करायला नको होतं."

वडिलांचा आवाज मिळाला म्हणून मी आनंदाने रडलो, आणि अर्धाच मिळाला म्हणून चिडलोही. दोन्ही एकदम झालं. बाईंनी पाण्याचा ग्लास दिला. या वेळी तीन नकला करून घेतल्या, आणि मुंग्या काढून नवी डिस्क घातलेला डबा घरी आणला.

११ नोव्हेंबर

आज घरी लावलं. अप्पय्या उठून जातील म्हणून मी त्यांच्या चपला तयारच ठेवल्या होत्या. पण ते उठले नाहीत! भिंतीला पाठ लावून सगळं ऐकलं. शांतता आली की फाटकाकडे बघायचे, आवाज आला की पाटीकडे. स्वतःच्या एका वाक्याला तर त्यांनी मांडीवर थाप मारली.

शेवटाकडे ती जागा आली, जिथे लोकांचं हसू पुसून मी कोरी शांतता भरली होती. त्या शांततेनंतर अप्पय्यांचा आवाज एकदम बदलतो. इतके दिवस आळ्वांच्या आवाजाच्या भरात माझ्या ते ध्यानातच आलं नव्हतं. आवाज खाली येतो, वालीचा राहतच नाही. "माझ्या अंगदाचं नाव तुझ्या तोंडी नको. तो माझा आहे. तुझ्या हातात मी त्याला देणार नाही." एवढंच. मग टेपचा सूं सूं आवाज.

म्हणजे अंगदाचा भाग घाईत राहिला नव्हता. अप्पय्यांनीच तो नाकारला. का? मूळ कथेत असं नाही. वाली असं करूच शकत नाही, पुढचं सगळं रामायण अडेल.

सुगुणा दारात उभी राहून ऐकत होती. म्हणाली, "ही बैठक जूनमधली ना? तुमचे निकाल लागले तेव्हाची?"

"त्याचा इथे काय संबंध?"

तिने माझ्याकडे असं पाहिलं, जसं सोसायटीत अंगठा उठवणाऱ्याकडे मी पाहतो. आणि चहा टाकायला गेली.

अप्पय्यांनी पाटी पुढे केली: "आळ्व."

"त्यांची बाजू गेली, अप्पय्या. प्रेसिल्लाबाईंनी खूप प्रयत्न केला. डिस्कलाच ओरखडा आहे."

त्यांनी जोरजोराने मान हलवली आणि तेच पुन्हा लिहिलं, मोठ्या अक्षरात. मी पुन्हा ओरखड्याचं समजावलं. त्यांनी खडू माझ्या अंगावर फेकला. शाळेत असताना नेम चुकत नसे, आजही चुकला नाही.

संध्याकाळी सुगुणा फोनवर कोणाशी तरी हळू बोलत होती. विचारलं तर म्हणाली, "आहे एक काम."

१४ नोव्हेंबर

हे सविस्तर लिहून ठेवतो, कारण मला ते नीट कळलेलं नाही. पुढे कधी वाचलं तर कळेल.

सकाळी दहाच्या सुमारास फाटकापाशी रिक्षा थांबली आणि आळ्वमामा उतरले. नेसायला धुवट मुंडू, खांद्यावर जरीचं उपरणं, म्हणजे बैठकीला निघताना करायचे तसा थाट. मी गडबडलो. सुगुणा मात्र समोरासमोर दोन चटया अंथरून, पाणी आणि गूळ घेऊन आधीच ओटीवर उभी. घरभेदी कुठली!

अप्पय्या आतून आले. दोघांनी एकमेकांकडे पाहिलंच नाही. अप्पय्या उत्तरेच्या चटईवर बसले, मामा दक्षिणेच्या. वाली आणि राम याच बाजूंना बसतात.

मामा मला म्हणाले, "लाव."

"मामा, तुमची बाजू गेलीय. मध्ये मध्ये नुसतं गप्प आहे."

"म्हणून तर आलो. माझं तेव्हाचं बोलणं ऐकावं लागलं असतं तर आलो नसतो. लाव."

लावलं. वालीचा आवाज ओटीभर झाला. "झाडामागून मारणारा तू कोण?"

शांतता. मामांचे ओठ हलले, शब्द फुटेना. वेळ संपली, वाली पुढचं बोलू लागला. मला वाटलं, झालं, म्हातारे आता उठून जातील. पण दुसऱ्या शांततेला त्यांनी मान वर केली आणि तोच ढोल वाजला. "वाली! राजा रानात शिकारीला जातो तेव्हा हरणाला सांगून बाण सोडतो का?"

आणि पुढे लागोपाठ. वाली विचारायचा टेपमधून, राम उत्तर द्यायचा चटईवरून. उत्तरं जुळत नव्हती. त्या वेळच्या वाक्याला हसलेला वाली आजच्या भलत्याच वाक्याला हसत होता. एकदा मामांचं बोलणं संपायच्या आत वालीने तोडलं, तर मामा टेपवर डाफरले, "थांबा की मास्तर, तुमची ही सवय जात नाही!" आणि अप्पय्या हसले. आवाज नसलेलं हसू मी पहिल्यांदाच पाहिलं. सगळे खांदे हलत होते.

मग ती जागा आली. मी पुसलेली.

ती शांतता बरीच लांब आहे. अंगणात कुठेतरी सुपारी उलथण्याचा आवाज येत होता तो थांबला. मग मामा हळू म्हणाले, आणि हा रामाचा आवाज नव्हता, "वाली, इथे मी एक बाण मारला होता. खरा झाडामागचा बाण हाच. भांडण तुझं-माझं, आणि मी मारला तुझ्या पोराला. पोर तिथेच, समोर, झोपलेलं. लोक हसले, म्हणून मला वाटलं नेम चांगला लागला. त्या हसण्यावर मी चोवीस वर्षं काढली."

राम असं कधीच बोलत नाही. कुठल्याच बैठकीत मी हे ऐकलेलं नाही. मी अप्पय्यांकडे पाहिलं, हे प्रसंगाला सोडून आहे असं ते खूण करतील म्हणून. ते मामांकडे पाहत होते. आल्यापासून पहिल्यांदा.

आणि टेपमधून आलं, "माझ्या अंगदाचं नाव तुझ्या तोंडी नको. तो माझा आहे. तुझ्या हातात मी त्याला देणार नाही."

मामांनी मान खाली घातली. नुसता सूं सूं आवाज राहिला. मी बंद करायला पुढे वाकलो, तेवढ्यात अप्पय्यांनी माझं मनगट धरलं. एवढी ताकद त्यांच्यात अजून आहे हे मला माहीत नव्हतं. त्यांनी मला खाली ओढून दोन चटयांच्या मध्ये बसवलं.

"अप्पय्या, मशीन चालू आहे."

ते ऐकेनात. माझा हात त्यांनी दोन्ही हातांत घेतला, क्षणभर कपाळाला लावला आणि मामांच्या ओंजळीत ठेवला.

मामांच्या दाढीवरून पाणी ओघळत होतं. ते म्हणाले, "घेतला, मास्तर. घेतला."

दारात सुगुणा तोंडाला पदर लावून उभी होती. मी पंचेचाळीस वर्षांचा माणूस, केस पिकलेले, सोसायटीत चारशे सभासदांवर आवाज चढवणारा, दोन म्हाताऱ्यांच्या मध्ये लहान पोरासारखा बसून होतो, आणि मलाही रडू आवरेना. कशाचं ते मला सांगता येत नाही.

दुकानदाराने सांगितलं होतं म्हणून नोंद करून ठेवतो. कॉम्प्युटर आज एकदाही बंद पडला नाही. दुपारी पानं वाढेपर्यंत तो तसाच चालू होता. बंद करायचं मला सुचत होतं, पण हात मोकळा नव्हता.